घरबांधणी, पणदरे परिसरातील : टिकाऊपणा व खर्च

पणदरे (ता. बारामती, जि. पुणे) हे नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यातील गाव. येथे घराचे आयुष्य भिंतीपेक्षा पाया आणि देखभाल ठरवतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; मुरूम लागेपर्यंत पाया खोदला नसेल, तर पक्क्या विटांची भिंतही खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकते. पायात वाचवलेले पैसे मग दर दिवाळीला लांबी-रंगात जातात.

जुने माळवदी वाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हा आक्षेप नेहमीचा. पण पडलेले वाडे मोजायला उरत नाहीत. उरलेल्यांवर पावसाळ्याआधी पांढरी माती चढत असे, आणि मजुरी घरचीच म्हणून ती हिशेबात धरली गेली नाही. शिवाय थरावर थर चढून छत जड होते : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि अशी छतेच माणसांवर कोसळली. म्हणून दगड टाकाऊ ठरत नाही. भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि वर काँक्रीटचा पट्टा घातला, तर तोच दगड तग धरतो. आरसीसी सांगाड्याचा जादा खर्च मजले चढवायचे असतील तरच वसूल होतो. आणि काँक्रीटही काही अमर नव्हे : आवरण कमी पडले, की ओलीने सळई गंजून फुगते नि स्लॅबच्या खपल्या खाली येतात.