हाकाऱ्यांच्या बाजूने : ब्रिटनमधील शिकारीचा वाद

शहर सोडून इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात राहायला गेलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, सकाळच्या वेळी शेतांपलीकडून बंदुकीचे बार ऐकू येतात. दुसरी म्हणजे, नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात लाल कोटातले घोडेस्वार आणि शिकारी कुत्र्यांचा तांडा जमतो. पाहायला गाव लोटते. काही जण टाळ्या वाजवतात, तर काही जण निषेधाचे फलक घेऊन उभे असतात. आणि नव्या माणसाने तोंड उघडलेच, तर त्याला ऐकावे लागते : तुम्ही बाहेरचे, तुम्हाला यातले काय कळणार?

'बाहेरचे' हा शब्द आपल्या घराण्यांना नवा नाही. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आपले पूर्वज मुंबई बंदरात आले आणि करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला उतरले. तिथे ते बाहेरचे होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी अनेक जण १९६० आणि १९७० च्या दशकांत परिचारिका म्हणून, विद्यार्थी म्हणून ब्रिटनला आले, आणि इथेही बाहेरचेच ठरले. म्हणून शिकारीच्या वादाकडे आपण परक्याचे भांडण म्हणून पाहू नये असे आम्हाला वाटते. 'स्थानिक कोण आणि बाहेरचा कोण' हे या वादाचे वरचे टरफल आहे. आतला प्रश्न जमिनीचा आहे, आणि तो आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या पायांनी तुडवलेला आहे.

आधी इंग्लंडचाच इतिहास पाहू. शिकार ही खेड्यातल्या सर्वांची परंपरा, असे आज म्हटले जाते. पण १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन असणाऱ्यालाच दिला होता. स्वतःच्या शेतातला ससा मारला तरी लहान शेतकरी गुन्हेगार ठरे. ही अट १८३१ मध्ये गेली आणि परवाना पद्धत आली. त्याआधी १८२८ मध्ये रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्ध कायदा झाला होता. त्यात तिसऱ्यांदा सापडलेल्या माणसाला समुद्रापार हद्दपारीची शिक्षा होती. कुळाने शेतकऱ्याला आपल्या पिकावरचे ससे मारण्याचा हक्क मिळाला तो थेट १८८० मध्ये.

या सनांकडे जरा थांबून पाहावे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि आपल्या इतिहासाचे ते पान उघडले. त्याच काळात इंग्लंडच्या खेड्यातला भुकेला मजूर सशा-तितरापायी ऑस्ट्रेलियाला धाडला जात होता. दोघांना दूर नेणारी सत्ता एकच होती. तो आणि आपला पूर्वज एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनाही रान हे दुसऱ्याचे होते.

आपल्या मुलखात काय होते? कोकणात पारध ही गावाची गोष्ट होती. माणसे रान उठवायची, हाका द्यायची, कुत्री सोडायची. डुक्कर पडले की वाटे व्हायचे, आणि हाका देणाऱ्यालाही वाटा मिळायचा. शेतातली नाचणी-भात डुकरांपासून राखायची तर ठासणीची बंदूक लागायची. पण १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी सरकारी परवान्याची सक्ती झाली. युरोपीय माणसाला मात्र या सक्तीतून सूट होती. म्हणजे इथेही शिकार कोणी करायची हे रानाने किंवा गावाने नव्हे, राज्यकर्त्याने ठरवले.

मॉरिशसला पोचल्यावर हाच धडा नव्या अक्षरांत समोर आला. त्या बेटावर हरीण मुळात नव्हतेच. १६३९ मध्ये डचांनी जावाहून ते आणले. पुढे फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतले तेव्हा फ्रेंच रहिवाशांचे कायदे व रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन दिले. मोठ्या साखर मळ्यांच्या मालकांनी डोंगरउतारावरची राने शिकारीसाठी राखली. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, आपल्या मराठी वस्तीच्या कास्कावेल गावाच्या आसपासही, अशी हरणांची राने आहेत. शिकारीच्या मोसमात मचाणावर मालक आणि त्यांचे पाहुणे बसत. हरणांना त्यांच्या बंदुकीसमोर हाकलत आणायचे काम जवळपासच्या वस्त्यांतल्या मजुरांचे. हाका देणारे आपले, बार दुसऱ्याचा.

मजुराला रानात मोकळे फिरायचीही सोय नव्हती. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. पासाविना आपल्या जिल्ह्याबाहेर सापडला की तो 'भटक्या' ठरून पकडला जाई. याविरुद्ध १८७१ मध्ये अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ यांच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि त्यातून पुढे राजनियुक्त चौकशी आयोग नेमला गेला. पुढच्या काळात मळ्यांचे तुकडे पडून विकले जाऊ लागले, तेव्हा आपल्या लोकांनी पै-पैसा साठवून जमिनी घेतल्या. जमीन हातात आली आणि आवाजाला वजन आले.

ही गोष्ट लक्षात ठेवून आता इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एक्समूरच्या माळरानावर येऊ. बाहेरचे आणि स्थानिक यांचा शिकारीवरून झालेला झगडा तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. तिथे मोठी तांबडी हरणे मोकळी राहतात. कुत्र्यांचा तांडा आणि घोडेस्वार घेऊन त्यांची शिकार करणारी डेव्हन आणि सॉमरसेट यांची मंडळी १८५५ पासूनची. ही शिकार क्रूर आहे असे मानणाऱ्या लोकांनी १९२४ मध्ये क्रूर खेळांविरुद्धची एक संघटना काढली. पण कायदा तिच्या बाजूने नव्हता. मग संघटनेने काय केले? तिने एक्समूरवर जमिनीचे तुकडे विकत घेतले आणि ती हरणांची अभयस्थाने म्हणून जाहीर केली. कुंपण नसलेले असे २३ तुकडे तिच्या मालकीचे झाले.

हरणाला हद्द कळत नाही आणि कुत्र्यालाही नाही. कुत्री त्या जमिनींत घुसत राहिली. प्रकरण न्यायालयात गेले. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, कुत्री दुसऱ्याच्या जमिनीत जावीत असा हेतू असेल, किंवा त्यांना आवरण्यात हलगर्जी झाली असेल, तर शिकारीचे प्रमुख घुसखोरीला जबाबदार ठरतात. स्थानिकांना हा शहरी पैशाचा डाव वाटला. त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. हरणे पीक खातात. शेतकरी ते सोसतो, कारण शिकार हा त्याच्या मुलखाचा सण आहे. शिकार गेली तर तो बंदूक काढून हरणे संपवील, असे ते म्हणत. पण शेकडो वर्षे जमीनदारांनी ज्या नियमावर शिकार टिकवली, तोच नियम बाहेरच्यांनी त्यांच्यावर उलटवला होता : ज्याची जमीन, त्याची परवानगी.

शेजारच्या क्वांटॉक टेकड्यांवर वेगळेच घडले. तिथल्या एका सार्वजनिक जमिनीवर सॉमरसेट कौंटी कौन्सिलने १९९३ मध्ये हरणांची शिकार बंद केली. शिकारीवाल्यांनी दाद मागितली आणि १९९५ मध्ये अपील न्यायालयात कौन्सिल हरली. कारण शिकणाऱ्या मुलांना सांगण्याजोगे आहे. शिकार नीतीला धरून नाही, असे सदस्यांना वाटणे पुरेसे नव्हते. ती जमीन कौन्सिलच्या हाती परिसराच्या भल्यासाठी होती, आणि त्या भल्याचा विचार करूनच निर्णय घ्यायला हवा होता. तो विचार रीतसर झालाच नव्हता. स्वतःची जमीन असलेला मालक आपल्या मनाप्रमाणे वागू शकतो, पण लोकांची जमीन सांभाळणाऱ्याला लोकांचा हिशेब द्यावा लागतो.

तिसरे उदाहरण नॅशनल ट्रस्टचे. एक्समूरमधली हॉल्निकोटची मोठी जहागीर १९४४ मध्ये सर रिचर्ड अॅक्लंड यांनी या संस्थेला दिली. तिथे शिकारीची जुनी चाल होती. १९९७ मध्ये प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांच्या अभ्यासातून दिसले की, कुत्र्यांनी मैलोगणती पळवलेल्या हरणाला अतोनात यातना होतात. अहवाल येताच ट्रस्टने आपल्या जमिनींवर कुत्र्यांनी हरणांची शिकार करायला बंदी घातली. कुळांमध्ये आणि गावकऱ्यांमध्ये संताप उसळला.

त्यानंतर वाद सगळ्या देशाचा झाला. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स समितीने २००० मध्ये अहवाल दिला. कुत्र्यांनी केलेल्या शिकारीत कोल्ह्याच्या हालांची बाब गंभीर आहे, असे समितीने मान्य केले. त्याचबरोबर ६,००० ते ८,००० पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम शिकारीवर अवलंबून आहे, असाही तिचा अंदाज होता. नालबंद, घोड्यांचे मोतद्दार, कुत्री सांभाळणारे, खानावळी चालवणारे ही ती माणसे. २२ सप्टेंबर २००२ रोजी चार लाखांहून अधिक लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. तरीही १८ नोव्हेंबर २००४ रोजी कायदा झाला, तोही लॉर्ड्सच्या सभागृहाची संमती बाजूला सारून. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या तांड्याने कोल्हा-हरणांची शिकार बंद झाली. स्कॉटलंडने आपला कायदा २००२ मध्येच केला होता. पण पळवाटा उरल्या. वासाचा माग घालून त्यावर कुत्री सोडण्याची चाल निघाली आणि भांडण आजही धुमसत आहे.

या सगळ्यात स्थानिक म्हणजे एक बाजू आणि बाहेरचे म्हणजे दुसरी, असे समजणे चुकीचे आहे. याचा सर्वांत मोठा पुरावा बंदुकीच्या बाबतीत मिळतो. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन या लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिरून एका बंदूकधाऱ्याने १६ मुलांचा आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्याच्याजवळच्या बंदुका परवान्याच्या होत्या. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना त्या वर्गाचा विचार आजही करवत नाही. मात्र यानंतर बंदुका हटवा अशी मागणी कोणी शहरातल्या उपटसुंभांनी लादली नाही. ती त्या मुलांच्या आईबापांकडून आणि आसपासच्या मातांकडून आली. हिमकळीच्या फुलाचे नाव घेतलेल्या त्यांच्या अर्जावर सुमारे सात लाख सह्या झाल्या, आणि १९९७ मध्ये हातात मावणाऱ्या पिस्तुलांवर ब्रिटनमध्ये बंदी आली. शेतकऱ्याची छऱ्यांची बंदूक परवान्यावर राहिली. गावानेच गावाच्या सवयीला प्रश्न विचारला होता.

मग आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे? जनावराच्या हालांकडे डोळेझाक करावी, असे आम्ही म्हणत नाही. दया ही आपल्या घरांतली शिकवण आहे आणि ती नव्या गावातही सोबत असावी. परंतु शिकारीचा निषेध करताना लाल कोटातल्या माणसापलीकडे पाहायला हवे. त्याच्या मागे चिखलात उभा असलेला, दिवसाच्या मजुरीवर झुडपे बडवून तितर उठवणारा माणूस दोन्ही बाजूंच्या घोषणांत क्वचितच येतो. जमीनदार त्याला परंपरेची ढाल करतो, आणि विरोधक त्याला क्रूर समजतो. त्याची मजुरी बुडाली तर पुढे काय, हे फार थोडे जण विचारतात. आपण ते विचारावे, कारण त्या जागी आपले पूर्वज उभे होते.

दुसरी गोष्ट परंपरेची. 'आमच्याकडे हे पूर्वापार आहे' असे कोणी म्हणाले की दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत : यात वाटा कोणाला मिळत होता, आणि मनाई कोणाला होती? कोकणच्या पारधीला हे प्रश्न विचारावेत, मॉरिशसच्या रानांना विचारावेत, एक्समूरलाही विचारावेत. गावात चार पिढ्या राहिलेला माणूसही यांचे उत्तर शोधू लागला की कधी कधी आपल्याइतकाच बाहेरचा निघतो.

शेवटी एक विनंती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक मिळतो, जहाजाचे नाव मिळते, गाव आणि मळाही मिळतो. पण मोसमात कोणत्या रानात कोण हाका द्यायला जात असे, त्याबद्दल त्याला काय मिळे, हरणाच्या मांसाचा तुकडा घरी येई की नाही, हे त्या वह्यांत नाही. ते अजून काही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. या शताब्दीच्या वर्षात त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. मालकांच्या शिकारीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. हाकाऱ्यांची नावे आपल्यालाच लिहावी लागतील.