लॅपटॉपची बॅटरी : चार्ज आणि क्षमता

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी बॅटरीची टक्केवारी हा अंदाज असतो, आणि तोही बॅटरीच्या आजच्या पूर्ण क्षमतेच्या तुलनेत. ही क्षमता वापराने आणि वयानेही घटते. त्यामुळे नव्या लॅपटॉपचे १०० टक्के आणि चार वर्षांनंतरचे १०० टक्के यांतली ऊर्जा सारखी नसते.

घट व एकके : सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेला लिथियम-आयन घट (सेल) आज जवळपास सर्व लॅपटॉपांत असतो. एका घटाचे सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७, तसे तीन एकसर जोडले की सुमारे ११.१ व्होल्ट. लेबलावर ११.१ व्होल्ट आणि ४,४०० मिलिअँपिअर-अवर असेल, तर गुणाकाराने सुमारे ४९ वॉट-अवर ऊर्जा निघते. दोन बॅटऱ्यांची तुलना या वॉट-अवरवरच करावी. व्होल्टेज वेगळे असेल, तर नुसते मिलिअँपिअर-अवर फसवतात. विमानात सहसा परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते. २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो या मर्यादेला अगदी टेकतो.

मोजणी : बॅटरीत किती चार्ज उरला आहे, हे बाहेरून पाहता येत नाही. बॅटरीतली मापक चिप वाटेत बसवलेल्या अतिसूक्ष्म रोधावरून प्रवाह मोजते, आत किती गेला आणि बाहेर किती आला याची सतत बेरीज-वजाबाकी करते आणि सोबत व्होल्टेज व तापमान पाहते. या हिशेबात बारीक चुका साचत जातात. व्होल्टेजवरून त्या दुरुस्त कराव्यात, तर मधल्या पट्ट्यात ते फारच हळू बदलते. खात्रीच्या खुणा मिळतात त्या पूर्ण भरलेल्या आणि रिकाम्या टोकांना. कायम चार्जरला जोडलेला लॅपटॉप रिकामे टोक गाठतच नाही. मग २५ टक्के दिसत असतानाच तो अचानक बंद पडतो. जुन्या घटांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे भार येताच व्होल्टेज कोसळते. हेही असे अचानक बंद पडण्याचे एक कारण. एकदा पूर्ण चार्ज करून जवळजवळ संपेपर्यंत वापरल्यास चिपचा हिशेब जुळतो, पण घटांची गेलेली क्षमता परत येत नाही. हा फरक दुरुस्तीच्या दुकानातही अनेकदा सांगितला जात नाही.

इंटेल आणि ड्युरासेल यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ‘स्मार्ट बॅटरी’ मानकामुळे बॅटरी स्वतःची माहिती संगणकाला देऊ लागली. विंडोजमधील ‘पॉवरसीएफजी’च्या बॅटरी-अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. पहिला ४९ आणि दुसरा ३७ वॉट-अवर असेल, तर सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता उरली. १० वॉट खाणारा लॅपटॉप पाचऐवजी पावणेचार तासांच्या आसपास चालेल. त्याच अहवालातील ‘सायकल’ म्हणजे एकूण १०० टक्के वापर : आज ५० आणि उद्या ५० मिळून एक.

झीज : उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर राहणे घटांना मानवत नाही. म्हणून अनेक लॅपटॉपांत ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवण्याची सोय असते. नेमकी मर्यादा किती असावी, याबाबत उत्पादकांचे सल्ले एकसारखे नाहीत. दरवेळी बॅटरी पूर्ण संपवण्याची सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियम-आयनला ती अपायकारक आहे.

विल्हेवाट : जुन्या बॅटरीच्या विल्हेवाटीला भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत.