आजोबांचे दुखणे

आमच्या टिटवाळ्यास म्हातारी माणसे रात्री तीनतीनदा उठतात. विचारावे, तर "वय झालं, मास्तर!" म्हणून विषय बंद. बहुधा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते. पण सदैव नव्हे.

१९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडले. त्याच वर्षी शिकागोस चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की, या ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. ते तोडले की तो आवरतो. नोबेल मिळाले १९६६ साली. पंचवीस वर्षे थांबले बिचारे! परळला डॉ. खानोलकर कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, याचा शोध घेत होते. १९५२ साली तेथे संशोधन केंद्रही निघाले.

पुढची गंमत ऐका. १९९५ साली बीआरसीए-२ हे जनुक हाती आले, ते स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचा माग काढताना. त्यातला दोष पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोगही बळावतो, असे मागाहून कळले. बाप तो दोष लेकीलाही देतो, संभव निम्मा. स्तनाच्या गाठीसाठी आलेल्या मुलीला म्हणूनच डॉक्टर हल्ली वडील-आजोबांचेही दुखणे विचारतात. तिला ते ठाऊक नसते. आजोबांनी घरात कधी सांगितलेलेच नसते.