चक्कर कानातली, संशय मेंदूवर
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले डॉक्टर गरगरून येणाऱ्या चक्करीला मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानत. म्हणून ते रक्त काढत, जळवा लावत, जुलाब देत. उलट्यांनी आधीच गळालेला रुग्ण या उपचारांनी आणखी खंगत असे. वास्तविक फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लूरांस यांनी १८२०च्या दशकातच कबुतरांच्या आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या होत्या, आणि आडवी नलिका कापलेले कबूतर स्वतःभोवती फिरू लागले होते. हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचायला १८६१ उजाडले. त्या वर्षी पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी चक्कर, कानातला आवाज आणि बहिरेपण एकत्र येतात, तेव्हा मूळ आतल्या कानात असते, असे मांडले. चक्करीचा इतिहास मला हेच सांगतो, की उपचाराची वाट बारीक निरीक्षणातून निघाली.

मेनिएर यांचा पुरावा कच्चा होता, हा आक्षेप रास्त आहे. त्यांनी शवविच्छेदन नोंदवलेल्या मुलीला आज ज्याला मेनिएरचा आजार म्हणतात तो बहुधा नव्हताच. पण त्यांचा सिद्धान्त त्या एका मुलीवर उभा नव्हता. अनेक रुग्णांत तीच लक्षणे एकत्र दिसत होती. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड पाणी सोडले की डोळे एका दिशेने झटके देतात आणि गरम पाण्याने ती दिशा उलटते, हे दाखवले. कान तपासण्याची खिडकी डोळ्यांत सापडली. १९१४चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी कूस बदलताच येणारी चक्कर ओळखण्यासाठी रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करण्याची तपासणी रूढ केली. अमेरिकेत जॉन एपली यांनी त्याच धाग्यावरून, नलिकेत शिरून ही चक्कर आणणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण डोके ठरावीक क्रमाने वळवून बाहेर काढण्याची पद्धत बसवली. ती सुरुवातीला हसण्यावारी नेली गेली. १९९२ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि पुढच्या चाचण्यांनी ती खरी ठरवली.

प्रत्येक चक्कर कानातली नसते, हेही खरे. बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यायला हवे. पण यावरून तपासणीची गरज अधिकच ठळक होते. कूस बदलताच येणारी, मिनिटभरात ओसरणारी चक्कर त्याच खाटेवर ओळखता येते आणि बहुतेकदा तिथेच बरीही करता येते. तिच्यावर महिनोन्‌महिने नुसत्या गोळ्या देणे ही जळवांच्या काळातलीच चूक आहे: कारण न शोधता उपचार करण्याची.