मांजर पाळलं नाही, मांजर आलं



सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं मोजायला आमच्याकडे अजून वाळूचं घड्याळ आहे. परवा ते उलटं करून कटासण्यावर बसले आणि जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, चरवळ्याच्या दशांना खालून ओढ बसली. बघते तर मनी. उताणी पडून, दोन्ही पंज्यांत लोकर धरून, मागच्या पायांनी लाथा मारतेय. सामायिकात तिला 'शुक्' म्हणून हाकलायचीही सोय नाही. उरलेला वेळ माझं चित्त नवकारात किती आणि चरवळ्यात किती होतं, हे मी सांगायला नको.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "बसू दे गं, तिचंही सामायिक होईल." याच सासूबाई आठ दिवसांपूर्वी म्हणत होत्या, "मांजर पाळायचं नाही. असतीपोषण आहे ते."

या एका शब्दासाठी आजचा लेख. कारण आपल्या घरांतून मांजर हा प्राणी शेकडो वर्षं आहे, आणि शेकडो वर्षं आपण म्हणतो आहोत की तो आपण पाळलेला नाही.

माझं माहेर मुरबाडचं. बाजारपेठेत वडिलांचं धान्याचं दुकान, मागे घर, मधे भाताच्या पोत्यांची खोली. त्या खोलीत पिढ्यान् पिढ्या मांजरं होती. एक करडी भाटी, मग तिची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, मांजर पाळलंय का?" वडील म्हणायचे, "छे, येतं आपलं." येणारं ते मांजर रात्री गल्ल्याच्या गादीवर झोपायचं, थंडीत म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या घोंगडीत शिरायचं आणि सकाळी आजीच्या हातचा दूधभात खायचं. पिल्लं झाली की ती एकेक मानगुटीला धरून सात घरं दाखवायला न्यायची, तेव्हा आजी प्रत्येक घरी निरोप धाडायची की आमचं मांजर आलंय, दार लावू नका. तरी ते पाळलेलं नव्हतं!

तसं बघितलं तर वडिलांचं बोलणं इतिहासाला धरूनच होतं. मांजराला माणसानं आणलं नाही, ते धान्याच्या मागे आलं. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारं भरली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ तिथली रानमांजरं. आजच्या घरमांजरांचं मूळ तिथलं, असं २००७ साली जनुकांच्या तपासणीतून दिसलं. त्याआधी २००४ मध्ये सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडल्याचं फ्रेंच संशोधकांनी जाहीर केलं होतं. माणसाशेजारी एक मांजर पुरलेलं. म्हणजे 'येतं आपलं' म्हणणारी माणसं तेव्हाही त्याच्यात जीव अडकवून बसली होतीच.

आपल्या बाजूचा मला सर्वांत आवडलेला पुरावा सिंधमधल्या चन्हुदडोचा. १९३५-३६ च्या उत्खननात तिथे सिंधू संस्कृतीच्या काळची एक वीट मिळाली. ओली असताना तिच्यावरून आधी मांजर गेलं, मग कुत्रा. दोघांचे ठसे भाजून पक्के झाले. आमच्या शहापूर-भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्या पुष्कळ. घराच्या कंपाउंडसाठी विटा आणल्या तेव्हा दोन विटांवर असेच पंजे होते. गवंडी त्या आतल्या बाजूला लावणार होता, मी दर्शनी बाजूला लावून घेतल्या.

आता असतीपोषणाकडे येते. प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे येतात, पंधरा कर्मादानं. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा व्यापार, विषाचा व्यापार, तळी सुकवणं, असं करत करत शेवटी असतीपोषण. लहानपणी मी हा शब्द नुसता म्हणून टाकत असे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी कुमारपाळ राजासाठी योगशास्त्र लिहिलं, त्यात त्यांनी याचा खुलासा केला आहे. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांना पोसणं, आणि दासी पोसणं. पण त्यात एक अट आहे: धनासाठी. पैसे मिळवायला पोसणं.

सासूबाईंना मी ही अट दाखवली. म्हटलं, आपण मनीला धनासाठी थोडीच पोसतो? त्यांनी चष्मा लावून वाचलं, वाद घातला नाही. पण मला स्वतःलाच रात्री झोप येईना. शहापूरची मनी धनासाठी नाही, कबूल. मुरबाडची ती करडी भाटी कशासाठी होती? ती नसती तर वर्षाला किती पोती कुरतडली गेली असती, याचा हिशेब वडिलांना तोंडपाठ होता. दूधभात आजी दयेनं घालत होती, पण पोत्यांच्या खोलीचं दार रात्री मांजरापुरतं किलकिलं कोण ठेवत होतं? आपल्या हातून उंदीर मरू नये म्हणून पिंजरा ठेवायचा नाही, विष तर नाहीच. आणि जे मारतं ते आपलं नाही, ते 'येतं'. हा सोयीचा करार आपल्या व्यापारी घरांनी फार जुना करून ठेवलेला आहे.

तो करार एकदाच चव्हाट्यावर आला. प्लेगमध्ये.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, आणि त्यातले बरेच व्यापारी आपले जैन आणि वैष्णव. तिथून साथ माणसांबरोबर, मालाबरोबर रेल्वेनं बाहेर पडली. कल्याण तर रेल्वेचा मोठा फाटा, आणि मुरबाडचं-शहापूरचं धान्य तिकडूनच जायचं-यायचं. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे आपण शाळेत शिकलो. घराघरातली आठवण मात्र दोनच शब्दांची: उंदीर पडला. माझ्या आजीची सासू सांगायची की आढ्यावरून उंदीर पडला, की चूल तशीच टाकून माणसं शेतावरच्या झोपडीत राहायला जात.

उंदीर का पडतो हे तेव्हा नीट कुणाला माहीत नव्हतं. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, पण बऱ्याच जणांना ते पटलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळानं काम केलं, तेव्हा ते पक्कं झालं. मग सरकारचं धोरण साहजिकच ठरलं, उंदीर मारा. पिंजरे लावा, विष घाला. आणि तिथे आपली मंडळी अडली. आजारी माणसाला इस्पितळात नेण्यावरून जशी भांडणं झाली, तशी उंदीर मारण्यावरूनही झाली. डॉक्टरांना हा निव्वळ अडाणीपणा वाटला. त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पलीकडे माणसं मरत होती.

याच काळात वऱ्हाडात अमरावतीला ब्युकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावोगावी मांजरं मोजायला सुरुवात केली. घरं किती, मांजरं किती, प्लेग किती. जिथे घरांच्या मानानं मांजरं पुष्कळ, तिथे प्लेग नाही किंवा थोडा, असं त्यांना दिसलं. १९०८ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, लोकांना उंदीर मारायला सांगू नका, मांजर ठेवायला सांगा. ज्यांना हत्या नको त्यांनाही मांजर चालतं. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं. आपला तो मुका करार एका परक्या साहेबानं गावोगाव फिरून बरोबर ओळखला होता.

मांजरानं प्लेग थांबतो का? पूर्ण नाही. मांजरालाही प्लेग होतो, त्याच्या अंगावरही पिसवा असतात. पण घरात उंदीर कमी म्हणजे धोका कमी, एवढं खरं.

आपल्यातही हा प्रश्न कुणी टाळला नव्हता. मांजरानं उंदीर धरला, तर सोडवायचा की नाही? १७६० साली तेरापंथ स्थापन करणाऱ्या आचार्य भिक्षूंनी लौकिक दया वेगळी आणि धर्माची दया वेगळी अशी मांडणी केली, आणि त्या वादात मांजर आणि उंदीर यांचं उदाहरण हटकून येतं. उंदराला सोडवलं तर मांजराचा घास काढला, नाही सोडवलं तर उंदीर गेला. आम्ही तेरापंथी नाही. आजी तर लाटणं घेऊन धावायची. पण धावून झाल्यावर, उंदीर सुटला की, मांजराला जादा दूध द्यायची. तिला बहुतेक दोन्ही बाजू पटत असाव्यात. समवसरणाच्या चित्रात मांजर आणि उंदीर शेजारी बसलेले दाखवतात. आजी त्यावर बोट ठेवून म्हणायची, "भगवान समोर असले तर जमतं. आपल्या दुकानात कुठून जमणार?"

पर्युषणात मात्र आजीचा एक नेम होता. आठ दिवस करड्या भाटीच्या गळ्यात ती घुंगरू बांधायची, लाल दोऱ्यात. उंदरांना आधी आवाज जावा म्हणून. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी भाद्रपदात सुटत असे. आठ दिवस भाटी उपाशी, चिडलेली, आजीच्या पायात घोटाळणारी. शिंक्याखाली बसून वरच्या दुधाच्या पातेल्याकडे तासन् तास बघणारी. एकदा तिनं उडी मारून शिंकं पाडलंच, आणि संवत्सरीच्या पारण्याचं दूध घरभर झालं. संवत्सरी झाली की दुसऱ्या दिवशी वडील स्वतः घुंगरू सोडायचे. आजी बघायची, बोलायची नाही. आठ दिवसांत दोन पोती फुटलेली असायची.

आता शहापुरात आम्ही धान्याचा धंदा करत नाही. मनी तीन महिन्यांची असताना पावसात जिन्याखाली सापडली, तीही 'आलेली'च. कॉलेजला कल्याणला जाणाऱ्या लेकीनं तिच्यासाठी मांजरांच्या खाण्याचं पाकीट आणलं. सासूबाईंनी मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. मासळी. पाकीट त्याच पावली घराबाहेर गेलं. मग लेक तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, नुसत्या दूधभातावर मांजर नीट जगत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातून मिळतं, आणि नाही मिळालं तर पुढे डोळे आणि हृदय जातं. लेक घरी येऊन म्हणाली, "मग मुरबाडची मांजरं कशावर जगली, आई?"

तिला उत्तर माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. मी सांगितलं. पणजीनं दूधभात घातला, आणि उरलेलं मांजरानं स्वतः मिळवलं, रात्री, आम्ही चोविहार करून झोपल्यावर.

सासूबाई ऐकत होत्या. पाकीट अजून घरात आलेलं नाही. प्रयोगशाळेत केलेल्या टॉरिनचं काहीतरी मिळतं म्हणून लेकीची शोधाशोध चालली आहे. सासूबाई तिला "सापडलं का?" असं रोज विचारतात, पाळत नसलेल्या मांजरासाठी.

या पर्युषणात मी आजीचा नेम पुन्हा सुरू केला. माहेरून तेच जुनं घुंगरू मागवलं, सासूबाईंनी लाल दोरा दिला. पहिले दोन दिवस घरभर छुमछुम. जिन्यावर, गच्चीत, देव्हाऱ्यामागे, मनी कुठे आहे ते न बघता कळायचं. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. दोरा तुटला असेल म्हणून बघायला गेले, तर मनी ओट्याखालून येत होती. घुंगरू गळ्यातच होतं. मान ताठ, पाऊल इतकं जपून, की ते वाजतच नव्हतं.