पोलादी दोर : पीळ, साखळी आणि धरणाचे दरवाजे

मराठवाड्यातील विहिरींवर मोट चालत होती त्या काळी नाडा सहसा एकाएकी तुटत नसे. आधी त्याचे पदर उसवत, तंतू उभे राहत आणि मोट हाकणाऱ्याच्या हाताला ते कळत असे. अंबाडी, ताग व घायपात यांच्या वाखापासून नाडे, सोल, कासरे व दावी वळण्याचे काम बलुतेदारीत प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. अनेक दुर्बळ तंतूंना पीळ देऊन भार सर्वांवर वाटून देणे, हे या कारागिरीचे मूलतत्त्व होय. कारखान्यात ज्याला वायर रोप म्हणतात तो पोलादी दोर बहुधा धातुशास्त्राचे अपत्य म्हणून मांडला जातो. हे अर्धेच खरे आहे. त्याची रचना दोर वळणाऱ्यांची आहे.

या दोराचा उगम जर्मनीतील हार्झ पर्वतातील क्लाउस्थालच्या खाणींत झाला. तेथे खोल कूपकांतून खनिज वर काढण्यासाठी तागसदृश हेम्पचे दोर व लोखंडी साखळ्या वापरल्या जात. दोर कुजत, साखळीची एक कडी तुटली की सारा भार खाली कोसळे. खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास साखळ्यांवर वारंवार भार देऊन त्या कशा थकतात हे तपासले होते. १८३४ मध्ये त्यांनी कारोलिना कूपकात तारेचा दोर वापरात आणला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांची एक लड आणि अशा तीन लडी, सर्व हाताने पिळलेल्या. आल्बर्ट यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. यंत्राने दोर वळणारे ब्रिटनमधील न्यूऑल आणि अमेरिकेतील रोबलिंग त्यांच्या नंतरचे.

पुढे लोखंडाची जागा उच्च कर्बयुक्त पोलादाने घेतली. सळई तापवून, बहुधा वितळलेल्या शिशात नियंत्रितपणे थंड करून, क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या साच्यांतून ओढली जाते. तारांच्या लडी वळल्यावर त्या एका गाभ्याभोवती गुंफतात. सहा लडी व प्रत्येकी एकोणीस तारा या प्रचलित रचनेत एकशे चौदा तारा असतात. गाभा अनेकदा वंगणात भिजवलेल्या सायसलचा, म्हणजे घायपाताच्याच कुळातील वाखाचा असतो. भारतात १९६० च्या दशकाच्या आरंभी रांचीजवळ या उद्योगाने मूळ धरले. आज कन्नडचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या चाळीसगावीही भारत वायर रोप्सचा कारखाना आहे. तेल विहिरी, खाणी, क्रेन, उद्वाहक आणि १९९६ पासून रायगडचा रज्जुमार्ग असा या दोराच्या वापराचा विस्तार आहे.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र धरणाचे दरवाजे हा त्याचा सर्वांत गंभीर उपयोग ठरतो. १९७६ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या जायकवाडी धरणाला २७ वक्राकार दरवाजे आहेत. अशा दरवाजांसाठी देशात ड्रमवर पोलादी दोर गुंडाळणारी यंत्रणा रूढ आहे. ऑगस्ट २००६ मध्ये विसर्गानंतर पैठण शहरात पाणी शिरले होते. दरवाजा हवा तेव्हा उघडणे आणि हवा तेव्हा मिटणे याचे मोल तेथे कोणास सांगावे लागत नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री कर्नाटकातील तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. क्लाउस्थालचा जुना प्रश्न एकशे नव्वद वर्षांनी पुन्हा समोर आला.

यावरून दोर निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दोर इशारा देतो, पण तो वाचावा लागतो. ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या हे मोजून दोर बदलण्याची पद्धत भारतीय मानकांतही आहे. तथापि आतली तार गंजली तर ती बाहेरून दिसत नाही आणि ग्रीसच्या जाड थराखाली जीर्ण दोरही सुस्थितीत भासतो. म्हणून तपासणीत ग्रीस पुसून, दोराचा व्यास मोजून, शक्य तेथे भार उतरवून व पीळ किंचित उकलून गाभ्यापर्यंत पाहावे लागते.