घरबसल्या देशाटन

काशीयात्रेहून परतलेल्या माणसानें मावंदें घालावें, अशी महाराष्ट्रांत जुनी चाल आहे. गंगापूजन होई, पंक्ती उठत आणि मग ओसरीवर खरा सोहळा सुरू होई. यात्रेकरू सांगूं लागे. आणि ज्यांनीं गांवाची वेसही क्वचितच ओलांडली अशा बायका, म्हातारीं माणसें व मुलें तें तल्लीन होऊन ऐकत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे गेले, लुटले गेले, आणि जिवानिशीं परत आले. त्यांनीं पुढें लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापला. ज्यांनीं झांशी कधीं पाहिली नाहीं, त्यांना ती विष्णुभटांनीं दाखविली.

घरबसल्या देशाटनाचें मूळ अशा ओसरीवर आहे. आज दिवाणखान्यांत बसून दूरचित्रवाणीवर देशोदेशींचे देखावे पाहणारा प्रेक्षक त्या श्रोत्यांचाच वंशज होय. मधल्या काळांत चित्र दाखविण्याचीं साधनें विलक्षण सुधारलीं. सांगणाऱ्याची गरज मात्र सरली नाहीं. या साधनांच्या इतिहासाचें सार इतकेंच आहे.

१८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत ब्रूस्टरच्या रचनेचा स्टिरिओस्कोप मांडला गेला. दोन डोळ्यांमध्यें असतें तितकें अंतर ठेवून एकाच स्थळाचीं दोन छायाचित्रें घ्यावीं, तीं शेजारीं शेजारीं चिकटवावीं आणि भिंगांतून पाहावीं. म्हणजे सपाट कागदाला खोली येते, खांब पुढें सरतात, रस्ता दूरवर जातो. मध्यमवर्गीय घरांतून हें यंत्र पसरण्यास वेळ लागला नाहीं. परंतु नुसती खोली पुरेना. म्हणून अमेरिकेंतील अंडरवुड आणि अंडरवुड या पेढीनें चित्रांच्या पेट्यांबरोबर नकाशे व पुस्तकें देण्यास आरंभ केला. प्रेक्षक कोठें उभा आहे, कोणत्या दिशेस पाहत आहे, हें नकाशावर आंकडे घालून दाखविलेलें असे. जेम्स रिकॅल्टन यानें हिंदुस्थानचीं शंभर दृश्यें देऊन १९०७ सालीं असेंच एक पुस्तक लिहिलें. मुंबई न पाहिलेल्या अमेरिकन कुटुंबाशीं तो शेजारीं उभा असल्यासारखा बोलतो. भिंगाला वाचा नव्हती. ती पुस्तकानें पुरविली.

त्याच सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ चालविले होते. त्यांत रामायणांतील प्रसंग कांचेवर रंगविलेले असत. पण खेळ रंगे तो चित्रांबरोबर चालणाऱ्या निवेदनानें. शिकागोच्या बर्टन होम्सनें हाच मेळ प्रवासाला लावला. हातानें रंगविलेल्या कांचा, पुढें चलच्चित्रांचे तुकडे, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे स्वतःचें भाषण, एवढ्या सामुग्रीवर त्यानें अर्धशतकाहून अधिक काळ सभागृहें भरविलीं.

याच्या उलट कथा पॅरिसच्या आल्बेर काह्न या धनाढ्य पेढीवाल्याची आहे. राष्ट्रें एकमेकांस ओळखूं लागलीं तर युद्धें टळतील, अशी त्याची श्रद्धा होती. १९०९ पासून त्यानें छायाचित्रकार जगभर धाडले. ल्युमिएर बंधूंनीं १९०७ सालीं बाजारांत आणलेल्या ऑटोक्रोम कांचा त्यांच्याजवळ असत. रंगविलेल्या बटाट्याच्या सत्त्वाच्या सूक्ष्म कणांतून या कांचेवर नैसर्गिक रंग उतरत. मात्र त्यासाठीं माणसांस कांहीं क्षण निश्चल उभें राहावें लागे. १९१३-१४ च्या हिवाळ्यांत स्तेफान पासे हा छायाचित्रकार हिंदुस्थानांत आला, आणि येथील माणसें व इमारती त्या संग्रहांत गेल्या. पुढच्याच उन्हाळ्यांत महायुद्ध पेटलें.

काह्ननें काम थांबविलें नाहीं. १९३१ पर्यंत सुमारें ७२,००० रंगीत कांचा जमल्या. परंतु तीं चित्रें पाहावयास मिळत तीं मुख्यतः त्याच्या घरीं आलेल्या निमंत्रितांना आणि विद्वानांना. रवीन्द्रनाथ ठाकूर त्याच्या बागेंत येऊन गेले; सामान्य फ्रेंच शेतकऱ्यास त्या संग्रहाची गंधवार्ताही नव्हती. १९२९ च्या आर्थिक अरिष्टांत काह्न बुडाला. १९४० सालीं जर्मन सैन्याच्या ताब्यांतील फ्रान्समध्यें त्यानें देह ठेवला. जगाचें दर्शन त्यानें सांठविलें खरें. पण तें ज्यांच्यापुढें मांडावयाचें त्या घरांपर्यंत तें त्याच्या हयातींत पोंचलें नाहीं.

तें काम दूरचित्रवाणीनें केलें. १९५४ सालीं डेव्हिड अ‍ॅटनबरो यांची वन्य प्राण्यांच्या शोधाची मालिका ब्रिटिश घरांतून दिसूं लागली. १९८८ सालीं मायकेल पेलिन हे ज्यूल व्हर्नच्या नायकाप्रमाणें ऐंशीं दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्यास निघाले. तो प्रवास पुढील वर्षीं दाखविला गेला. त्यांतील सर्वांत हृद्य भाग दुबईहून मुंबईस येणाऱ्या गलबताचा. खलाशी गुजराती, भाषा परकी, वेग संथ. पाहण्यासारखें तेथें समुद्राखेरीज कांहीं नव्हतें. तरीही तो भाग स्मरणांत राहतो, कारण परक्या माणसांत मिसळूं पाहणारा एक मनुष्य तेथें दिसतो. व्हर्नचा फॉग पृथ्वीभोंवती फिरतो, पण वाटेंतील देश पाहण्याची त्याला इच्छाही नसते. खुर्चींतला प्रेक्षक जागचा हलत नाहीं, पण पाहतो. दोघांत अधिक प्रवास कोणाचा झाला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

दिल्लींत १९५९ सालीं व मुंबईंत १९७२ सालीं दूरचित्रवाणी आली. १९९० च्या दशकांत सिद्धार्थ काक व रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’नें देशाच्या कानाकोपऱ्यांतील कलावंत, कारागीर आणि विस्मृत स्थळें घरोघरीं पोंचविलीं. प्रेक्षक नुसते पाहून थांबले नाहींत. लाखों पोस्टकार्डें त्यांनीं धाडलीं. ओसरीवरचा श्रोता मध्येंच प्रश्न विचारी, तोच हा प्रघात.

घरबसल्या प्रवासाला मर्यादा आहेत. त्यांत ऊन लागत नाहीं, वास येत नाहीं, वाट चुकत नाहीं. शिवाय पाहणारा डोळा दुसऱ्याचा असतो. त्यानें जें वगळलें तें प्रेक्षकाच्या लेखीं अस्तित्वांतच नसतें. म्हणून सांगणारा कोण आहे, तो कशासाठीं गेला होता आणि यजमानांशीं कसा वागला, हें पारखून घेणें प्रेक्षकाचें काम ठरतें. तरीही वय, प्रकृति, संसार किंवा पैसा यांनीं ज्यांची पावलें अडविलीं आहेत, अशांची संख्या जाणाऱ्यांहून सदैव मोठीच राहिली आहे. त्यांच्या वांट्यास जग येतें तें परत येणाऱ्याच्या मुखानें. मावंद्याच्या दिवशीं यात्रेकरू गंगेचें पाणी वाटी, तें एवढ्यासाठींच.